आता कशाला

कंबरभर पाण्यात माणूस बुडत नाही, हे तिने नणंदेला पायऱ्या उतरतानाच सांगून ठेवलं होतं. पण भीतीला कुठे खोली मोजता येते. तळाच्या गुळगुळीत फरशीवरून नणंदेचा पाय सटकला, नाकातोंडात क्लोरीनचं पाणी गेलं आणि हाताला जे लागलं ते तिने गच्च धरलं. लागला तो भावजयीचा डावा दंड, आतल्या बाजूने, कोपराच्या वर चार बोटांवर. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. नणंदेला तो शब्दशः मिळाला. पाय टेकले, खोकला थांबला, डोळे पुसून झाले, तरी तिने दंड सोडला नाही. उलट अंगठा त्याच जागेवरून परत एकदा फिरवला, सावकाश, एखादं उत्तर पडताळून पाहावं तसा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून पाण्यात चालायचा सल्ला मिळाला, आणि घरातच पोहायला शिकवणारी भावजय असताना बाहेर पैसे कशाला घालवा, या हिशेबाने आली होती. "हे काय आहे?" तिने विचारलं. तलावावर छप्पर असल्यामुळे तिथे कुजबुजही भिंतीवर आपटून मोठी होऊन परत येते. सकाळच्या वर्गातल्या बायका हातात फळ्या धरून पाय मारायच्या थांबल्या.

"काही नाही, ताई. कठडा धरा आणि पाय मारा."

"गाठ आहे ही."

"गाठ नाही."

"मला नको सांगूस. त्याचीही अशीच होती. बोटाखाली सरकायची. तोही काही नाही, काही नाही म्हणत होता."

त्याची म्हणजे नणंदेच्या धाकट्या भावाची, हिच्या नवऱ्याची. मानेत होती. दाढी करताना त्याच्या हाताला लागली आणि वर्षाच्या आत तो गेला. त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली होती. पाण्यात उभ्या उभ्या भावजयीला एकदम वाटलं, हो म्हणावं. गाठ आहे म्हणावं. गाठीला सगळे मान देतात. गाठ झालेल्या बाईकडे कुणी डोळे बारीक करून बघत नाही. तिच्यासाठी दार उघडं धरतात, हळू आवाजात बोलतात. हा विचार इतका सोपा आणि इतका घाणेरडा होता की तिला स्वतःचीच किळस आली. तिने शिट्टी वाजवली, बायकांचे पाय पुन्हा सुरू झाले, पाणी फेसाळलं. उरलेला वेळ ती काठाकाठाने फिरत राहिली, हनुवटी वर, श्वास बाहेर, घाबरू नका, पाणी उचलतं. ही वाक्यं तिच्या तोंडातून रोज आपोआप निघत. आज मात्र तीच आपल्याला कुणीतरी सांगतंय असं तिला वाटत होतं. शेवटच्या फेरीला तिने वळून पाहिलं तेव्हा नणंद पाण्यात नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीत ती ओल्या बाकावर बसली होती, अंगाभोवती टॉवेल, मांडीवर फोन. आईला कळवून झालं होतं. आई म्हणजे हिची सासू, जिच्याबरोबर ही आणि हिची नऊ वर्षांची लेक राहत होत्या. "उद्याच्या उद्या दाखवायचं," नणंद म्हणाली. तिने टॉवेल गच्च आवळून धरला होता. तेव्हा भावजय तिच्या शेजारी बसली आणि कपाटाची दारं आपटणाऱ्या दोन बायका बाहेर पडेपर्यंत थांबली. मग तिने सांगितलं. गर्भ राहू नये म्हणून कातडीखाली औषधाची एक काडी बसवतात. काडीपेटीतल्या काडीएवढी, मऊ, वाकणारी. तिच्यातून थोडं थोडं औषध अंगात उतरत राहतं. रोज गोळी लक्षात ठेवायला नको. लेक झाल्यावर आम्ही दोघांनी एकीवर थांबायचं ठरवलं होतं, तेव्हा आधी गोळ्या झाल्या, मग ही. डॉक्टरांनीच बसवलेली आहे, ताई. बोटाला लागते, कारण लागलीच पाहिजे. लागली नाही तर काळजी करायची.

नणंदेने डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की टॉवेलची गाठ सुटली. मग ती हसली. हसता हसता तिने भावजयीच्या पाठीवर एक थाप मारली. "जीव घेतला असतास माझा," ती म्हणाली. पण गणित शिकवलेलं डोकं स्वस्थ बसत नाही. हसू ओसरायच्या आत ते आकडेमोडीला लागलं होतं. "म्हणजे तो असतानाची. मग अजून ठेवलीस कशी?"

"तीन वर्षं चालते. मुदत संपली मध्यंतरी. बदलायला जायचं राहिलंय."

काढायला म्हणाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. ती बदलायला म्हणाली. नणंद टॉवेल पिळता पिळता थांबली. पाण्याचे थेंब फरशीवर पडत राहिले.

"आता कशाला?"

दोनच शब्द. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उलटा टोमणा मारता येतो. नणंदेला खरंच प्रश्न पडला होता, जसा घरी कुणी नसताना दिवा कशाला, असा पडतो. आणि हे शब्द काही आजचे नव्हते. तो गेल्यानंतर ते घरभर पसरले होते, बंद घरातल्या सामानावर चादरी टाकाव्यात तसे. खिडकीला नवे पडदे घ्यायचे म्हटलं, आता कशाला. केस कापून घेतले, आता कशाला. सहलीला जाणाऱ्या मैत्रिणींनी नाव घातलं, आता कशाला. ती गाडी शिकायला लागली तेव्हाही सासू हेच म्हणाली होती, आणि तेव्हा तिच्याकडे उत्तर होतं: गाडी त्याची आहे, दारात गंजतेय, लेकीला शाळेत सोडायचंय. तिच्या लक्षात आलं की दोन वर्षं आपण प्रत्येक वेळी उत्तर तयार ठेवत आलो. पडदे फाटलेत म्हणून. केस पाण्याने खराब होतात म्हणून. प्रत्येक गोष्टीला एक सभ्य म्हणून. हवं आहे म्हणून, हे एवढं एकच कधी म्हटलं नाही. आणि याच प्रश्नाच्या धाकाने ती दवाखान्यात जायचं टाळत आली होती. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी बोटाने काडी चाचपायची सवय होती. दोन्ही टोकं लागली की निश्चिंत. मुदत संपल्यावरही ती चाचपत राहिली, जणू जागेवर आहे म्हणजे कामावर आहे. रखवालदार खुर्चीवर दिसतो म्हणजे जागा असतोच असं नाही, हे तिला कळत होतं. दवाखान्याच्या दाराशी नाव लिहून घेणारी बाई काय विचारेल याची भीती मात्र त्याहून मोठी होती. पोटात भलतंच काही राहण्यापेक्षाही मोठी. किती मूर्खपणा हा. रोज सकाळी दुसऱ्यांची भीती घालवून पोट भरणारी बाई, आणि दोन शब्दांना घाबरून काठाला चिकटून बसलेली.

"कुणी आहे का?" नणंदेने विचारलं. आवाज खाली गेला होता.

"आहे."

नणंदेने कपडे घातले, ओला पोशाख पिशवीत कोंबला, पिशवीची चेन दोनदा अडकली. दाराशी पोचल्यावर म्हणाली, "उद्या मी येते बरोबर. काढून टाकू. आईला सांगू, गाठ होती, निघाली. मिटलं."

त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. सासूने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप बघतात तसा. ती म्हणाली, आई, काळजीचं काही नाही, आणि म्हणता म्हणता तिला कळलं की याच खोलीत याच शब्दांनी मुलाने आईला वर्षभर फसवलं होतं. सासू मान हलवून आत गेली. तिच्या खोलीत पंखा फिरत होता आणि खुर्ची कुरकुरत होती. म्हातारी पलंगाला पाठ लावायला तयार नव्हती. ही दाराबाहेर उभी राहिली, हात कडीपर्यंत गेला आणि परत आला. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं.

सगळं म्हणजे मास्तर. गाडी शिकवणारा म्हणून मास्तर. ती त्याला तेच म्हणायची, आणि तो तिला मॅडम म्हणायचा ते अजूनही बदललं नव्हतं. वयाने तिच्याएवढाच, डोक्यावर विरळ झालेले केस, काडीमोड झालेला. तिच्या दंडातल्या काडीचं त्याला पहिल्यांदा कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे तुमच्याकडे काडी आणि माझ्याकडे काडीमोड," आणि तिला इतकं हसू आलं होतं की हसणं थांबेपर्यंत ती रडत होती. त्याच्या शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असे. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, तुम्ही दाबलात तर मला कळतं का? तो म्हणाला, कळतं, पण मी शक्यतो दाबत नाही. माणूस स्वतः थांबायला शिकतो. हे वाक्य तिला आवडलं होतं. माणूस पुढे आवडला, बऱ्याच उशिरा. लग्न करू म्हणून तो एकदा म्हणाला, ती नको म्हणाली, आणि त्याने तोंड पाडलं नाही. पुढे जायच्या आधी दोघांनी रक्त तपासून घेतलं होतं; ते तिनेच सांगितलं, कारण काडी पोटाची राखण करते, रोगांची नाही, हे तिला काडी बसवतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं. काडीची मुदत संपल्यावर निरोध आले. ते त्याने आणले, न कुरकुरता. फक्त एकदा, दोन आठवड्यांपूर्वी, पाऊण तासाच्या घाईत, नव्हते. तेव्हापासून तिच्या पोटात एक थंड खडा बसला होता.

दवाखाना चष्म्याच्या दुकानावर होता. जिना चढताना नणंद दर पायरीला गुडघ्यावर हात ठेवत होती. ही पुढे. साडेतीन वर्षांपूर्वी याच जिन्यावर नवरा पुढे होता, दोन दोन पायऱ्या टाकत. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. जिने चढायची त्याला सवय होती, कारण तो पोचायचा तेव्हा लिफ्ट बंदच असायची. काडी बसवताना त्याने तिचा दुसरा हात धरला होता आणि सुई दिसताच त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी त्यालाच पाणी दिलं. पट्टी निघाल्यावर त्याने काडीच्या टोकावर बोट ठेवून हलकं दाबलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कितवा मजला?" पुढे तो खेळच झाला. ती भाजी चिरत असली, लेकीची वेणी घालत असली, तरी येता जाता दंडाला बोट लावायचा. कितवा मजला. आजारी पडल्यावर, बोटात जोर राहिला नाही तेव्हाही. एकदा तिने उत्तर दिलं, गच्ची, आणि तो म्हणाला, लवकर पोचलो. बाकावर बसल्या बसल्या तिचा हात दंडाकडे गेला. त्याच्या बोटाला माहीत असलेली तिच्या अंगातली ही शेवटची वस्तू. ती इतके दिवस टाळत आली त्याचं हेही एक कारण होतं का? होतं. आपल्याला वाटतं आपण लोकांना भितो; आत डोकावलं तर एक मेलेला माणूस हसत बसलेला असतो आणि आपल्याला त्याला ऊठ म्हणवत नाही.

डॉक्टर बाईंचे हात गार होते. त्यांनी बाही वर करायला लावली, काडी दोन्ही टोकांनी चाचपली, समाधानाने मान हलवली. "जागेवर आहे. सहज निघेल." मग त्यांनी नणंदेकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, हिच्या खुर्चीशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. साडेतीन वर्षांपूर्वीचा पांढरा पडलेला चेहरा त्यांना आठवला असावा. "मिस्टर?" त्यांनी विचारलं. नणंदेने सांगितलं. चांगली बाई होती ती. तिने आवाज मऊ केला आणि स्वतःच वाट काढून दिली. "काढायची की नवीन बसवायची? बऱ्याच जणी पाळीच्या त्रासासाठीही ठेवतात. रक्तस्राव कमी होतो, दुखणं कमी होतं. तसंच असेल ना तुमचं?"

"हो हो," नणंद म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की शब्द एकमेकांवर आपटले. "त्रास आहेच तिला. पहिल्यापासून."

खोलीत कुठेतरी एक छोटा पंखा घरघरत होता. ती त्या दोघींकडे पाहत राहिली. दोघी तिच्यासाठी दार उघडं धरून उभ्या होत्या, अगदी प्रेमाने. आत शिरायला फक्त मान खाली घालायची होती. तिला राग आला तो त्यांचा नव्हता. आपल्याला हे दार किती ओळखीचं आहे याचा होता. पडदे फाटलेत म्हणून. केस खराब होतात म्हणून. पाळी दुखते म्हणून. आणि त्या रागाच्या मागे, अगदी साधी, व्यवहाराची एक गोष्ट उभी होती: हे दार घेतलं तर पुढचे प्रश्न कुणी विचारणार नाही. एकट्या बाईला पाळीसाठी काडी बसवताना दोन आठवड्यांपूर्वी काय झालं हे कोण विचारतं. पोटातला खडा पोटातच राहील, आणि वरून पट्टी बांधून ती घरी जाईल.

"नाही," ती म्हणाली. "पाळीचा काही त्रास नाही मला. मूल राहू नये म्हणून हवी आहे."

नणंदेने भिंतीकडे पाहिलं. डॉक्टर मात्र लगेच सरळ बसल्या, चेहऱ्यावरचा मऊपणा गेला आणि त्या जागी काम आलं. तिला ते बरं वाटलं. "मग मला नीट विचारायला हवं," त्या म्हणाल्या. "ताईंना बाहेर बसायचं असेल तर—"

"बसते मी इथेच," नणंद भिंतीला म्हणाली.

डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं. "चालेल तुम्हाला? नको असेल तर नको म्हणा."

"चालेल. बसू दे त्यांना."

"मुदत संपल्यावर संबंध आला?"

"आला."

"निरोध वापरलात?"

"हो. एकदा सोडून."

"कधी?"

"दोन आठवडे झाले."

प्रत्येक उत्तराबरोबर कान तापत होते आणि तरी पाठीचा कणा एकेक मणका वर सरकत असल्यासारखा वाटत होता. डॉक्टरांनी भुवई वर केली नाही, सुस्कारा टाकला नाही. म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी आंधळेपणाने बसवली असती. आज लघवी तपासू. पण दोन आठवड्यांत कधी कधी कळत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायची. आज नाही आलं तरी. तोवर निश्चिंत व्हायचं नाही." मग बाकीचं विचारलं. फिटवरच्या, क्षयावरच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यांनी काडीचं बळ जातं. कुणी दिलेलं झाडपाल्याचं औषध घेते का. पायात कधी रक्ताची गुठळी, यकृताचा आजार, छातीत गाठ, मध्येच कारण नसताना रक्त जाणं. गाठ म्हटल्यावर नणंदेची मान फिरली. ही नाही, नाही म्हणत गेली, आणि एका ठिकाणी अडली. "डोकेदुखीची गोळी घेते कधी कधी. कामावर शिट्टीने डोकं उठतं." डॉक्टर हसल्या. "ती चालेल. शिट्टी कमी वाजवा."

तपासणीची पट्टी वाळेपर्यंत दोघी नणंद-भावजय शेजारी शेजारी बसल्या होत्या. नणंद हळूच म्हणाली, "मोठ्याने सांगायची काय गरज होती?"

"मोठ्याने कुठे सांगितलं. विचारलं तेवढं सांगितलं."

"तो जाऊन किती दिवस झालेत?"

"तुम्ही सांगा, ताई. किती झाले की चालतं?"

गणिताच्या बाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला, परत ठेवला. पट्टीवर एकच रेघ आली होती. डॉक्टरांनी ती दोघींना दाखवली. नणंदेने पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं," आणि मग आपण कोणत्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन तिने ओठ घट्ट मिटले.

सुईची चुणचुण झाली, दंडाचा तेवढा भाग बधिर होऊन परका झाला. ती मान वळवून पाहत होती. डॉक्टर म्हणाल्या, नका बघू, तरी. बारीकसा छेद, एका टोकाला बोटाचा दाब, आणि दुसऱ्या टोकाशी कातडीतून एक पांढरं ठिपक्याएवढं डोकं वर आलं. चिमट्याने ओढली तशी सगळी बाहेर आली. "पूर्ण आली की नाही हे बघावं लागतं," म्हणत डॉक्टरांनी ती तिच्या डोळ्यांसमोर धरली. एवढीशी. बोटाच्या दोन पेरांएवढी, रक्ताने किंचित गुलाबी, वाकडी. तिला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. ती त्या वस्तूकडे पाहत होती आणि ती नुसती वस्तू होती. त्याचा आवाज तिच्यात नव्हता, कधीच नव्हता. तो आवाज जिथे होता तिथून काढायला कुठला चिमटा पोचत नाही. मग एवढे दिवस मी काय राखत होते? डॉक्टरांनी काडी ट्रेमध्ये टाकली. टिंग असा आवाज होईल असं वाटलं होतं, झाला नाही. नवी त्याच छेदातून आत गेली, वरच्यावर, कातडीला लागून, आणि डॉक्टरांनी तिचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. "लागली? हे एक टोक, हे दुसरं. महिन्या-महिन्याला बघत जा. वाकली, मोडली, हाताला लागेनाशी झाली तर यायचं. कुणालाही खुपसून शोधू द्यायचं नाही, आधी तपासणीत दिसायला हवी. सात दिवस निरोध. पट्टी उद्या काढा, आतली छोटी चिकटपट्टी तीनचार दिवस कोरडी ठेवा. पाण्यात उतरायचं नाही."

"मी पोहायला शिकवते."

"मग आठवडाभर काठावरून शिकवा. पाळी पुढेमागे होईल, कधी ठिपके, कधी काहीच नाही. त्याला घाबरू नका. रक्त खूपच गेलं, पाय सुजून दुखला, धाप लागली, तर मात्र थांबू नका."

खाली रस्त्यावर ऊन होतं. नणंदेने रिक्षा थांबवली आणि आत बसल्यावर बराच वेळ बाहेर पाहिलं. मग, घराच्या वळणाशी, "आईला मी सांगते. तू गप्प बस. गाठ होती, निघाली, साधी होती. म्हातारीला एवढं सुख दे." आणि थोड्या वेळाने, "मी तुला वाईट म्हणत नाही. पण मला त्याचा चेहरा दिसतो."

"मलाही दिसतो, ताई. रोज. कुणी आलं म्हणून तो गेला नाही कुठे."

सासू दाराशीच उभी होती. पट्टी बांधलेला हात पाहून तिने चौकटीचा आधार घेतला. "निघाली गं आई," नणंद चपला काढायच्या आत म्हणाली. "साधी होती. काही निघालं नाही त्यात." म्हातारी खाली बसली, तिथेच, चपलांच्या शेजारी. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तिचे खांदे हलायला लागले. रात्रभर जागलेल्या, एकदा मुलगा पोचवून आलेल्या बाईचं ते रडणं पाहून कुणीही गप्प बसलं असतं. पण हिला दिसलं ते पुढचं. उद्यापासून म्हातारी हिच्या दंडाकडे बघेल. दर दोन महिन्यांनी विचारेल, परत आली नाही ना? पुन्हा दाखवून ये ना. पुन्हा खुर्ची कुरकुरेल. ज्या सुखाची भीक घालायची म्हणत होती नणंद, त्या सुखाच्या आत भीती शिवलेली होती. ती सासूसमोर जमिनीवर बसली.

"गाठ नव्हती, आई. कधीच नव्हती. मूल राहू नये म्हणून हातात औषधाची काडी बसवतात, ती होती. जुनी काढली, नवीन बसवली."

नणंदेने कपाळाला हात लावला. सासूने तोंडावरचे हात काढले. डोळे ओले होते आणि त्या ओल्या डोळ्यांत सावकाश अर्थ उतरत होता, दोरीने बादली आडात उतरावी तसा.

"तू बरी आहेस?"

"ठणठणीत."

"नवीन कशाला बसवली?"

"लागते म्हणून."

"कोण आहे?"

"गाडी शिकवतो तो."

पलीकडच्या खोलीत लेक पाढे म्हणत होती, मध्येच चुकून मागे जात होती. सासू उठली. उठताना हिने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. भिंतीला धरून उठली. "मला हे आवडलेलं नाही," ती म्हणाली. "या घरात ते चालणार नाही."

"इथे आणत नाही मी त्याला. पण लपूनही जाणार नाही. आणि तुम्हाला आवडलंच पाहिजे असं नाही, आई. मला फक्त तुम्ही माझ्या मरणाची वाट बघत बसायला नको होतं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारीण. काल रात्री सासूनेच भिंतीपलीकडे सांगितलं होतं, आणि शेजारणीने ते मनात ठेवलं असेल असं समजायला काही आधार नव्हता. ती उंबऱ्यावर उभी राहिली, मान आधीच एका बाजूला कललेली, सहानुभूतीसाठी. "कळलं मला," ती म्हणाली. "काय गं बाई एकेकाचं नशीब. निघाली का गाठ? कसली होती?"

नणंद भिंतीकडे पाहू लागली; तिला आज भिंतींचा छंदच लागला होता. हिने पट्टीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. घाबरली नव्हती ती. सांगायचं नसेल तर कसं सांगायचं नाही, एवढाच विचार करत होती. पण सासू तिच्या पुढे सरकली, बुटकी, सुजलेल्या डोळ्यांची, आणि दाराची एक फळी हातात धरून उभी राहिली.

"गाठ नव्हती. माझ्या ऐकण्यात चूक झाली."

"मग हाताला पट्टी कशाची?"

"तिचा हात आहे. तिचं ती बघतेय. तुम्ही काय काम काढलंत?"

शेजारणीला काम आठवलं नाही. दार लागलं. पाढे थांबले होते. लेक दाराशी येऊन उभी होती, आजीकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत. सासूने कडी लावली आणि वळली.

"तुझ्या बाजूने बोलले असं समजू नकोस," ती म्हणाली. "काल नकळत खोटं सांगितलं, आज मुद्दाम सांगायचा कंटाळा आला मला."

"नाही समजत."

"मला आवडलेलं नाही ते नाहीच."

"बरं."

मग सासू स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी जरा जास्तच जोरात मांडली. ताटं मात्र चार वाढली. नणंद पर्स खांद्याला लावून निघण्याच्या बेतात उभी होती, तिलाही बस म्हणाली. दंडातला बधिरपणा आता उतरत होता आणि त्या जागी एक ठणका जागा होत होता, स्वतःचा, ओळखीचा व्हायला वेळ लागेल असा. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं होतं. त्याची धाकधूक होतीच, ती कुणी नाकारत नव्हतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि तिला सडकून भूक लागली होती. ती पहिली जाऊन बसली, उजव्या हाताने ताट जवळ ओढलं, आणि कुणी खा म्हणायची वाट न बघता जेवायला लागली.